समुद्र नसलेल्या शहरात बोटीचं इंजिन

रायपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भाताची शेतं, पोलादाचे कारखाने आणि मे महिन्यातलं ४४-४५ अंशांचं ऊन. बोट मात्र नक्कीच येत नाही. छत्तीसगडला समुद्रकिनारा नाही. तरीही या शहरात, एका जुन्या मराठी घराच्या अंगणात, बोटीच्या छोट्या इंजिनावरून दोन महिने खल चालला होता. इंजिन घरीच उघडून दुरुस्त करायचं, कारागिराकडे द्यायचं की विकून मोकळं व्हायचं?

तुमच्या घरीही असं काहीतरी असेल. बोटीचं इंजिन नसेल, तर आजोबांची स्कूटर, बंद पडलेला पाण्याचा पंप किंवा शिलाई मशीन असेल. प्रश्न तोच असतो. फरक एवढाच की स्कूटर बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला लावता येते. बोटीचं इंजिन खोल पाण्याच्या मधोमध बंद पडतं. म्हणून या लेखात रायपूरची सफर करताना आपण हा निर्णयही समजून घेऊ.

तलावांचं शहर

रायपूरला उतरलात की आधी बूढ़ा तालाबला जा. आज त्याला विवेकानंद सरोवर म्हणतात. पाण्याच्या मधल्या बेटावर स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे. १८७७ च्या सुमारास नरेंद्र लहान असताना रायपूरला आला होता आणि जवळच बूढ़ापाऱ्यात राहिला होता. संध्याकाळी इथे कुटुंबंच्या कुटुंबं फिरायला येतात. दुसरा मोठा तलाव तेलीबांधाचा. त्याच्या काठच्या रस्त्याला रायपूरकर ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. समुद्र नाही म्हणून कोणी हौस सोडत नाही!

या तलावांवर बोट फिरवायला इंजिन लागत नाही. पायाने चालवायची पॅडल बोट पुरते. शहराच्या पश्चिमेला खारून नदीवर महादेव घाट आहे. तिथे हटकेश्वर महादेवाचं जुनं मंदिर आहे आणि काठावर नावा दिसतात. या भागात नाव चालवणारे केवट, निषाद, ढीमर समाजाचे लोक पिढ्यानपिढ्या पाण्यावर जगत आले आहेत. बिलासपूर या शहराचं नावच बिलासा नावाच्या केवटिणीवरून पडलं, असं लोक सांगतात. छोट्या होडीला इथे ‘डोंगा’ म्हणतात. वल्हं आणि बांबू यांच्यावर डोंगा चालतो, त्याला पेट्रोल लागत नाही.

मग इंजिन लागतं कुठे? मोठ्या धरणांच्या पाण्यात. रायपूरहून साधारण ९० किलोमीटरवर, धमतरीच्या पुढे, महानदीवर गंगरेल धरण आहे. तिथे पाणी इतकं पसरलेलं आहे की वारा सुटला की लाटा उठतात. वल्हं मारून काठ गाठणं तिथे सोपं नाही.

हे इंजिन नेमकं काय असतं?

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायच्या इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात. वर डोकं, म्हणजे सिलेंडर, पिस्टन आणि कार्ब्युरेटर. मध्ये लांब पाय. खाली गिअर आणि पंखा. दांडा वळवला की अख्खं इंजिन वळतं, त्यामुळे वेगळं सुकाणू लागत नाही. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९०९ मध्ये अशी इंजिनं विकायला सुरुवात केली आणि ती जगभर पसरली. आपल्या कोकण किनाऱ्यावर आणि केरळात छोट्या मच्छीमार बोटींवर ती सर्रास दिसतात.

जुनी छोटी आउटबोर्ड बहुतेक टू-स्ट्रोक असतात. म्हणजे आपल्या जुन्या चेतक स्कूटरसारखीच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, रस्सी ओढायची आणि निघायचं. म्हणूनच स्कूटर उघडलेल्या माणसाला वाटतं, हे तर मी सहज करीन. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण तीन फरक आधी लक्षात घ्या.

पहिला, स्कूटर हवेने थंड होते, हे इंजिन पाण्याने. खालच्या पायात रबराच्या पात्यांचा एक छोटा पंप असतो. त्याला इम्पेलर म्हणतात. तो तलावाचं पाणी वर ओढतो. तो फाटला की काही मिनिटांत इंजिन तापून जाम होतं. दुसरा, स्कूटर उतारावर आराम करते. बोटीचं इंजिन मात्र सतत ओझं ओढत असतं. तिसरा, स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात वर्षानुवर्षं बसून चिकटतात. घाईने फिरवले की मान मोडते आणि दहा रुपयांच्या बोल्टपायी हजारांचं काम निघतं.

तात्यापाऱ्यातलं अंगण

रायपूरमध्ये मराठी माणूस नवा नाही. १८व्या शतकात नागपूरकर भोसल्यांचं राज्य इथे आलं आणि त्याबरोबर मराठी घराणीही आली. हिंदी पत्रकारितेत मानाने घेतलं जाणारं माधवराव सप्रे हे नाव याच मातीतलं. त्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं आणि लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. त्यांच्या नावाची शाळा बूढ़ा तालाबच्या परिसरात आहे. तात्यापाऱ्यात आजही मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. घराघरात मराठी बोलतात, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी आणि छत्तीसगढ़ी सुरू होते. पोहे दोन्ही भाषांत चालतात.

माझी आत्या तिथेच राहते. काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एका भंगार लिलावात आठ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड घेतलं होतं. दोन सिलेंडरचं आणि उचलायला दोन माणसं लागतील इतकं जड. मित्राच्या फायबरच्या बोटीला ते लावून ते दोघं मासे पकडायला जायचे. काका गेले आणि इंजिन मागच्या खोलीत गोणपाटाखाली पडून राहिलं. यंदा आतेभावाने, म्हणजे दादाने, ते बाहेर काढलं. त्याची दहा वर्षांची मुलगी मागे लागली होती, “बाबा, आजोबांच्या इंजिनावर मला गंगरेलला न्या ना!”

वरचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला काकांच्या अक्षरात मार्करने लिहिलेलं होतं: ‘५ लि. ला १०० मि.ली. पंप बदलला.’ खाली तारीख पुसट झाली होती. सगळे क्षणभर गप्प झाले. एका भंगारवाल्याने भाव सांगितला होता. दादा तो ऐकायलाही तयार नव्हता. त्याला पूर्ण इंजिन स्वतः खोलून नव्यासारखं करायचं होतं.

आत्या मात्र चहा ठेवता ठेवता म्हणाली, “अरे, त्यांचं आहे म्हणून चालवू नकोस. चालण्यासारखं असेल तर चालव. पोर बसणार आहे त्यात.”

या विषयावरचा सगळ्यात शहाणा सल्ला मी हाच ऐकला. आठवण आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवण जपायची असेल तर इंजिन पुसून दिवाणखान्यात ठेवलं तरी चालतं. पाण्यात न्यायचं असेल तर त्याची परीक्षा घ्यावीच लागते.

पाना हातात घेण्याआधी चार तपासण्या

इंजिन उघडायचं की नाही, हे न उघडताच बरंचसं कळतं. चारही तपासण्या घरी होतात आणि खर्च फारसा येत नाही.

१. फिरतंय का? स्पार्क प्लग काढा आणि रस्सी हळू ओढा. फ्लायव्हील मोकळं फिरलं तर छान. अडकलं असेल तर जोर लावू नका. प्लगच्या छिद्रातून थोडं ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस थांबा.

२. दाब किती? गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन गेज मिळतो. तो प्लगच्या जागी लावा आणि चार-पाच वेळा रस्सी ओढा. नुसता आकडा पाहू नका, दोन सिलेंडरमधला फरक पाहा. तो १०-१५ टक्क्यांच्या आत असेल आणि दोन्हीकडे दाब चांगला असेल, तर पिस्टन आणि रिंगा बहुधा ठीक आहेत. एक सिलेंडर फार खाली असेल तर आत काहीतरी झिजलंय, तुटलंय किंवा गॅस्केट गेलंय.

३. ठिणगी पडते का? प्लग वायरला जोडून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा आणि सावलीत रस्सी ओढा. निळी, ठसठशीत ठिणगी हवी. जवळपास पेट्रोल आणि मुलं नकोत.

४. गिअरचं ऑइल कसं आहे? खालच्या पायाचा स्क्रू काढून थोडं ऑइल वाटीत घ्या. नेहमीच्या रंगाचं असेल तर उत्तम. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. धातूचे कण चमकले तर गिअर झिजलेत.

दादाच्या इंजिनाचा निकाल असा लागला: फ्लायव्हील मोकळं, दोन्ही सिलेंडरचा दाब जवळजवळ सारखा, ठिणगी एका बाजूला मंद आणि गिअरचं ऑइल दुधाळ. म्हणजे ज्या डोक्याला खोलून नवं करायचं तो बेत करत होता, ते डोकं ठीक होतं. दुखणं पायात होतं! तपासणी न करता सगळं उघडलं असतं तर चांगलं बसलेलं बिघडलं असतं आणि बिघडलेलं तसंच राहिलं असतं.

आणखी एक काम याच टप्प्यावर करा. बोटीला अडकवायच्या पकडीवर सहसा एक छोटी पट्टी असते. तिच्यावरचा मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या आणि सुटे भाग मिळतात का, ते आधी विचारा. कंपनी बंद झालेली असू शकते. शंभर वर्षांहून जुनं एव्हिनरूड हे नावसुद्धा २०२० मध्ये उत्पादनातून बाहेर पडलं. भाग मिळत नसतील, तर कितीही कुशल हात असले तरी उपयोग नाही.

भनपुरीचा लेथवाला काय करू शकतो?

रायपूरची एक जमेची बाजू आहे. हे पोलादाचं शहर. भनपुरी, उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांत लेथ, बोअरिंग, वेल्डिंग सगळं होतं. सिलेंडर घासून मोठा करायचा असेल तर इथला कारागीर करून देईल. फक्त एक नियम पाळा: आधी पिस्टन हातात येऊ द्या, मग त्याच्या मापाने सिलेंडर बोअर करा. उलट केलंत आणि मोठ्या मापाचा पिस्टन मिळालाच नाही, तर सिलेंडर वाया जातो.

उणी बाजूही तितकीच ठळक आहे. इथे बोटींच्या सामानाचा बाजार नाही. मुंबई हजाराहून अधिक किलोमीटर दूर आणि विशाखापट्टणमही शेजारी नाही. इम्पेलर, सील आणि गॅस्केट मागवावं लागतं. म्हणून यादी एकदाच, पूर्ण करा. एका वॉशरसाठी इंजिन महिनाभर उघडं पडून राहिलं की त्यात धूळ जाते, बोल्ट हरवतात आणि उत्साहही ओसरतो.

गोड्या पाण्याचा एक फायदा आहे. समुद्राच्या मिठाने आतल्या वाटा खातात, तसं इथे होत नाही. पण गाळ, वाळू आणि जलपर्णी असतात. वाळूने इम्पेलर झिजतो आणि जलपर्णी पंख्याला गुंडाळते. शिवाय इथल्या उन्हाळ्यात बंद खोलीत पडलेलं रबर कडक होतं. इम्पेलर दिसायला चांगला असला तरी जुना असेल तर बदलाच.

पेट्रोलचंही लक्षात घ्या. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं गेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना त्रास देतं. त्यामुळे नळ्या नव्या घ्या आणि काही आठवडे इंजिन चालवायचं नसेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. ऑइलही स्कूटरचं नको. पाण्याने थंड होणाऱ्या बोट इंजिनांसाठी डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल मिळतं, ते वापरा. काकांनी लिहिलेलं प्रमाण ५० ला १ चं होतं. तुमच्या इंजिनाचं वेगळं असू शकतं, पुस्तिका पाहा.

कधी स्वतः करावं, कधी नाही?

माझ्या समजुतीप्रमाणे सरळ हिशोब असा आहे.

दाब चांगला असेल तर स्वतः करा. कार्ब्युरेटर साफ करणं, प्लग, नळ्या, इम्पेलर आणि गिअर ऑइल बदलणं ही घरची कामं आहेत. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. दादाने बोल्ट ठेवायला आत्याचं जुनं इडलीपात्र घेतलं. प्रत्येक खळग्यात एका जागेचे बोल्ट आणि वर चिठ्ठी. आत्याने ते परत स्वयंपाकघरात घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी!

सील बदलायची असतील तर मदत घ्या. सील वाकडं बसलं की पाणी पुन्हा शिरतं. दादाने पाय स्वतः सोडवला, पण सील बसवायला जवळच्या पंप दुरुस्तीवाल्याकडे नेला. सबमर्सिबल पंपांची सीलं रोज बसवणारा हात होता. अर्ध्या तासात काम झालं.

पिस्टन, रिंगा, क्रँक उघडायचं असेल तर तीन गोष्टी आहेत का, ते पाहा: भाग, पुस्तिका आणि टॉर्क रेंच. तिन्ही असतील आणि वेळ असेल तर जरूर करा, खूप शिकायला मिळेल. एक जरी नसेल तर थांबा. बोल्ट अंदाजाने आवळलेलं इंजिन अंगणात छान चालतं आणि पाण्यात दगा देतं.

सिलेंडरच्या अंगाला तडा गेला असेल किंवा खर्च चांगल्या जुन्या इंजिनाच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर भावनेत अडकू नका. सुट्या भागांसाठी विकून टाका. दुसऱ्या कोणाचं इंजिन त्यातून चालू होईल.

आणि दुरुस्तीनंतर थेट तलावावर जाऊ नका. मोठ्या ड्रममध्ये पाणी भरून, पंखा काढून, खालचा पंप पूर्ण बुडेल असं इंजिन उभं करा आणि मग चालू करा. कोरडं कधीच चालवू नका. मागच्या छिद्रातून पाण्याची धार येतेय का पाहा. धार नाही म्हणजे पंप चालत नाही, लगेच बंद करा. काम मोकळ्या हवेतच करा, धूर विषारी असतो.

गंगरेलच्या पाण्यावर

आता गंगरेलला चला. धरणाचं अधिकृत नाव रविशंकर सागर. मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांच्या नावावरून ते पडलं. महानदी याच धमतरी जिल्ह्यातल्या सिहाव्यात उगम पावते. धरणात गावं बुडाली तेव्हा अंगारमोती देवीचं ठाणं काठावर आणलं गेलं. आज पर्यटक आधी देवीचं दर्शन घेतात, मग बोटिंगला जातात. इथलं पाणी शेतीला आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यालाही जातं.

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, इथलं दृश्य पाहण्यासारखं असतं. उन्हाळ्यात पातळी खाली जाते. धरणाच्या उथळ पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि खडक पंख्याला लागू शकतात.

इथे स्वतःची बोट उतरवायचं मनात असेल तर आधी परवानगी विचारा. यंत्रावर चालणाऱ्या नौकांची नोंदणी आणि तपासणी यांसाठी देशात इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ हा कायदा आहे. हे नियम कंटाळवाणे वाटतात, पण वडोदऱ्याचा हरणी तलाव आठवा. १८ जानेवारी २०२४ रोजी तिथे सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तो समुद्र नव्हता, शहरातला तलावच होता.

म्हणून तुमचं इंजिन कितीही गोड चालत असलं तरी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं, मुलांना त्यांच्या मापाचं. दोन वल्ही बोटीत हवीत. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवी, म्हणजे तो पडला तर इंजिनही थांबतं. आणि पहिले काही तास काठाजवळ, फक्त मोठ्यांनी, दुसरी बोट सोबत घेऊन चालवा. आत्याने दादाला हीच अट घातली: दहा तास बिनतक्रार चाललं, तरच नात बसेल. त्याची वही सुरू आहे, सहा तास झाले आहेत. दरवेळी परतल्यावर तो धार, आवाज आणि गिअरचं ऑइल पाहून नोंद करतो. मुलगी रोज वही तपासते.

रायपूरला कधी जाल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी बूढ़ा तालाब, तात्यापारा, महादेव घाट आणि संध्याकाळी तेलीबांधा. दुसऱ्या दिवशी पहाटे गंगरेलला निघा. वेळ असेल तर राजिमला जा. तिथे महानदीला पैरी आणि सोंढूर मिळतात आणि कुलेश्वर महादेवाचं मंदिर नदीच्या पात्रातच उभं आहे. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर असल्याने नागपूरहून किंवा मुंबईहून रायपूरला पोहोचणं सोपं आहे.

बोटीत बसताना नावाड्याशी दोन शब्द बोला. इंजिन किती जुनं, पंप कधी बदलला, जॅकेट कुठे आहेत, एवढं विचारा. चांगला नावाडी या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खुलून बोलतो. आणि तुमच्या घरात गोणपाटाखाली एखादं यंत्र पडलं असेल, तर या रविवारी ते बाहेर काढा. लगेच खोलू नका. आधी पुसा, नंबर लिहून घ्या आणि चार तपासण्या करा. दुरुस्त करायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.